रंगकामाचं कोटेशन: दर विचारण्याआधी काम विचारा

गणपती-दिवाळी जवळ आली की रंगकामाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी घरमालकांनीही विचारलं आहे आणि ठेकेदारांनीही, आणि गंमत म्हणजे दोघांची तक्रार एकच आहे: ठरलं एक, झालं दुसरं. उत्तरांतले रुपये फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. आपापल्या गावचे दर त्यात घालून पाहावेत.

गिऱ्हाईक फोनवरच विचारतं, "टू बीएचकेचे किती घेणार?" मी कार्पेटच्या (घराच्या आतल्या फरशीच्या क्षेत्राच्या) साडेतीन पट क्षेत्र धरून रक्कम सांगतो. काम झाल्यावर मापं घेतली की आकडा वेगळाच निघतो आणि वाद होतो. मापं नेमकी कशी धरावीत? (रंगकाम ठेकेदार, कराड)

साडेतीन पट हा ठोकताळा आहे. खोली जितकी लहान तितका भिंतींचा वाटा मोठा, त्यामुळे तो प्रत्येक घरात हलतो. करूनच पाहू.

बेडरूम १२ बाय १०, उंची स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या) वरून स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. छत १२०. एकूण ५३८. त्यातून दार ३ बाय ७ चं २१ आणि खिडकी ५ बाय ४ ची २० वजा करा, आणि खिडकीच्या आतल्या बाजूंना (कड ६ इंच खोल धरली तर) ९ चौरस फूट मिळवा. उरले ५०६. खोलीचं कार्पेट १२०, म्हणजे पट आली ४.२. आता त्याच घरातला हॉल घ्या, २० बाय ११. भिंती ५८९, छत २२०, मुख्य दार आणि बाल्कनीचं सरकतं दार मिळून वजा ८०, राहिले ७२९. इथे पट ३.३. सात फुटांपर्यंत टाइल असलेल्या ५ बाय ७ च्या बाथरूमला वरची अडीच फुटांची पट्टी आणि छत धरून ९५ चौरस फूट, म्हणजे २.७ पट. लहान लहान खोल्यांच्या जुन्या घरात साडेतीन पटीने तुम्ही बुडता, आणि मोठ्या हॉलच्या फ्लॅटमध्ये गिऱ्हाईक.

फोनवर आकडा द्यावाच लागला तर 'मापं घेतल्यावर बदलेल' हे शब्द तोंडी न बोलता मेसेजमध्ये लिहून द्या.

खरा वाद वजावटीवरून होतो. बरेच रंगारी दार-खिडकी वजा करत नाहीत. कडांचं, चौकटीलगतच्या बारीक कामाचं त्यात फिटलं असं धरतात. मालकाला वाटतं, न रंगवलेल्या काचेचे पैसे का द्यायचे? आयएस १२०० या भारतीय मानकाने बांधकामाच्या मोजणीसाठी यावर नियम घालून दिला आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची (साधारण साडेपाच चौरस फूट) पोकळी वजा करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल आणि दोन्ही बाजूंना सारखंच काम असेल तर एकाच बाजूची वजावट, पण मग कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा करायच्या आणि कडा मोजायच्या. घरगुती कामात एवढं काटेकोर कुणी करत नाही, करायची गरजही नाही. आधीच्या उदाहरणातल्या बेडरूममध्ये वजावट करणं आणि न करणं यांतला फरक ३२ चौरस फुटांचा आहे. २० रुपये दराने ६४० रुपये. वजावट करणार की नाही हे एका ओळीत आधी लिहिलं की हे ६४० रुपये भांडणाचं कारण राहत नाहीत. भिंतीत बसवलेलं कपाट मात्र सरळ वजा करा, त्यामागे ब्रश जातच नाही.

जुने लोक अजून 'ब्रास'वर बोलतात. रंगाच्या बाबतीत एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. कोटेशनमध्ये दोन्ही मापं एकत्र वापरू नका.

आमच्या फ्लॅटसाठी तीन कोटेशनं आली. तिघांनीही चौरस फुटाला मटेरियलसह दर दिला: १४ रुपये, २२ रुपये आणि ३६ रुपये. मापं तिघांची जवळपास सारखीच. एवढा फरक कसा? मधलं घ्यावं का? (गृहिणी, ठाणे)

मधलं घ्या, असं सांगता येणार नाही. ही तीन वेगळी कामं आहेत, फक्त तिघांनी त्यांना एकच नाव दिलं आहे: 'पेंटिंग'.

आधी मजुरी पाहा. १५०० चौरस फूट काम, जुना रंग काढून पूर्ण लांबीसह (लांबी म्हणजे भिंत गुळगुळीत करायची पुट्टी). खरवडणं आणि घासणं ३ हजेऱ्या (एक हजेरी म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं काम), लांबीचे दोन हात (थर) ९, पॉलिश पेपर ४, प्रायमर २, रंगाचे दोन हात ५, सामान झाकणं आणि शेवटची साफसफाई २. एकूण २५ हजेऱ्या. हजेरी ९०० रुपये धरली तर २२,५००, म्हणजे चौरस फुटाला १५ रुपये नुसती मजुरी. मग १४ रुपयांत मटेरियलसह पूर्ण लांबी बसणारच नाही. त्या माणसाने तुम्हाला फसवलं असंही नाही. त्याच्या हिशेबात 'पॉलिश पेपर मारून, जिथे गेलं आहे तिथे लांबी भरून, साध्या इमल्शनचे (पाणी घालून लावायच्या भिंतीच्या रंगाचे) दोन हात' एवढंच काम आहे. भिंती धड असतील, मागचा रंग पाच-सहा वर्षांपूर्वीचाच आणि घट्ट असेल, तर ते काम पुरेसंही आहे. २२ वाल्याने बहुधा लांबीचा एक हात आणि प्रायमर धरला आहे. ३६ वाल्याने सगळं खरवडून दोन हात लांबी आणि वरच्या दर्जाचं, पुसता येणारं इमल्शन.

तिघांनाही हेच चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. जुना रंग किती काढणार: सगळा, की सुटलेला तेवढा? लांबी कोणती आणि किती हात? प्रायमर कुठे आणि किती वेळा? रंगाचं कंपनीसह पूर्ण नाव काय? फक्त 'रॉयल क्वालिटी', 'चांगल्या कंपनीचा' असलं काही चालणार नाही. एकाच कंपनीच्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग इमल्शनच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो.

लांबीबद्दल थोडं जास्त, कारण बिघडतं ते इथेच. पांढऱ्या सिमेंटची लांबी उघड्या गिलाव्यावर बसते. आधी भिंत ओली करायची, खाली प्रायमर लागत नाही. तीच लांबी जुन्या ऑइलबाउंड डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर फिरवली तर धरत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यासारखी सुटते, रंगासकट. म्हणून सिमेंटची लांबी लिहिली असेल तर त्याआधी 'गिलाव्यापर्यंत खरवडून' हे शब्द असायलाच हवेत. जुना रंग घट्ट आहे म्हणून ठेवायचा असेल, तर प्रायमर मारून त्यावर अॅक्रिलिक लांबी. ती फक्त आतल्या भिंतींना, बाहेर नाही. आणखी एक गोष्ट काम चालू असताना पाहा: कालवलेली सिमेंटची लांबी दोन-तीन तासांत संपवायची असते. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी टाकून ती सैल केली जात असेल तर त्या भिंतीवर उद्या हात फिरवून बघा, पांढरी पूड येईल.

स्वस्त कोटेशनची भरपाई कधी कधी पाण्यातून होते. इमल्शनमध्ये पाणी घालायचंच असतं, किती ते डब्यावर छापलेलं असतं. त्याहून जास्त घातलं की हात पातळ बसतो आणि दुसऱ्या हातानंतरही खालचा डाग दिसत राहतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. लांबीतले खड्डे, पेपरचे ओरखडे, रोलरचे जोड, सगळं त्या तिरप्या उजेडात दिसतं. हे पहिल्या हातानंतर करावं. शेवटच्या दिवशी करून फक्त भांडण होतं.

मटेरियल मीच आणून देणार आहे. १५०० चौरस फुटांसाठी पेंटरने लांबीच्या ५ गोण्या आणि रंगाची २० लिटरची बादली सांगितली. हे जास्त होतंय का? (वाचक, नाशिक)

डब्यावर किंवा गोणीवर दिलेला पसारा (लिटरला किंवा किलोला किती चौरस फूट होतात तो आकडा) गुळगुळीत, आदर्श पृष्ठभागासाठी असतो. प्रत्यक्षात सिमेंटच्या लांबीचे दोन हात साध्या गिलाव्यावर किलोला १२ ते १५ चौरस फूट जातात. १५०० ला १०० ते १२५ किलो, म्हणजे ४० किलोच्या ३ गोण्या. प्रायमरचा एक हात लिटरला १०० च्या आसपास, १५ लिटर. इमल्शनचे दोन हात लिटरला १२० धरा. तुमचं छत ४०० असेल आणि भिंती ११००, तर छताला पांढरा ४ लिटर आणि भिंतींना १० लिटर. म्हणजे एकाच रंगाची २० लिटरची बादली घेणं तोट्याचं आहे. छताला महागडा, पुसता येणारा रंग लावायचं कारणही नाही.

पाच गोण्यांचं मात्र लगेच नाही म्हणू नका. गवंड्याची सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीवर टेकवा आणि मधली फट बघा. भिंत लाटेसारखी असेल तर ती सरळ करायला लांबीच लागते: १०० चौरस फुटांवर एक मिलिमीटर जाडी वाढली की साधारण १० ते १२ किलो. हॉलची ३०० चौरस फुटांची भिंत सरासरी २ मिलिमीटर भरून घ्यायची म्हटलं की दीड गोणी तिथेच गेली. पेंटरला विचारा, जास्तीच्या दोन गोण्या कोणत्या भिंतीसाठी? ज्याने भिंत पाहिली आहे तो बोट दाखवून सांगेल.

शेड मशीनवर कालवून घेतलेला रंग दुकानदार परत घेत नाही. म्हणून भिंतींचा रंग एकदाच, एकाच बॅचमधून घ्या आणि पाव-अर्धा लिटर टचअपसाठी ठेवा. लाल, मरून, गडद पिवळा अशा शेड झाकायला कमी पडतात, तिसरा हात लागतो. त्या भिंतीचा रंग दीडपट धरा आणि मजुरीही वाढेल हे गृहीत धरा.

राहिला टोकनचा प्रश्न, जो कुणी उघड विचारत नाही. मोठ्या डब्यांत कंपन्या पेंटरसाठी टोकन किंवा कूपन घालतात. मटेरियल तुम्ही आणलं तरी टोकन पेंटरने घेण्याची रीत आहे. ते त्याचं, असं आधीच म्हणून टाका. मग रंगाचं नाव ठरवताना त्याला कोणत्या डब्यात टोकन आहे ते बघावं लागत नाही.

एका भिंतीला ओल आहे. पेंटर म्हणतो वॉटरप्रूफ कोट मारतो, पण गॅरंटी देत नाही. कोटेशनमध्ये हे कसं लिहून घ्यावं? (वाचक, रत्नागिरी)

गॅरंटी देत नाही तो पेंटर खरं बोलतो आहे. आतून मारलेला कोट पाणी थांबवत नाही, फक्त ते दुसरीकडून फुटतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दिवसभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा; कोकणात पावसाळ्यात हेही होतं. भिंतीतून असेल तर पलीकडे बाथरूमचा पाइप, गच्ची, बाहेरच्या गिलाव्याची भेग यांतलं काय आहे ते पाहून तेच दुरुस्त करायचं.

कोटेशनमध्ये ही भिंत वेगळी ओळ म्हणून यावी: 'अमुक भिंत, ९० चौरस फूट, गळतीची दुरुस्ती या कामात धरलेली नाही, भिंत वाळल्यावर खार झाडून, फुगलेला गिलावा काढून, नवीन गिलावा.' त्या गिलाव्यावर लगेच रंग नको. पाणी मारायचे दिवस आणि वाळायचे दिवस मिळून किमान २८ दिवस. तेवढे दिवस पेंटर थांबणार नाही, म्हणून या एका भिंतीसाठी त्याची पुन्हा एक खेप लागेल आणि तिचे पैसे आजच ठरवा. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट तर अजिबात नको. पाणी आत कोंडून फोड येतात.

दारं आणि खिडक्यांचे ग्रील चौरस फुटात कसे धरायचे? (वाचक, सोलापूर)

मोजून मग गुणकाने गुणायचं. आधी सांगितलेल्या आयएस १२०० मानकाप्रमाणे फ्लश (सपाट) दाराला प्रत्येक बाजूला १.२, पॅनेलच्या दाराला १.३, चौकट आणि कडा त्यातच आल्या. ३ बाय ७ चं फ्लश दार दोन्ही बाजूंनी ५०.४ चौरस फूट. साध्या ग्रीलला गुणक १, पण त्यात सगळ्या बाजू धरलेल्या आहेत. समोरचं माप एकदाच. घरगुती कामात नगावर दर ठरवणं सोपं. गंज घासणं आणि रेडऑक्साइड किंवा झिंक प्रायमर त्यात आहे का तेवढं विचारा. लाकडाचं पॉलिश हे वेगळंच काम आहे, ते पेंटिंगच्या दरात कोंबू नका. जुन्या दारांचा ऑइलपेंट कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटरपेपरने घासावं, लहान मुलं असतील तर नक्कीच.

आमच्या चार मजली सोसायटीला बाहेरून रंग द्यायचा आहे. 'पूर्ण इमारत अमुक लाख' अशी उक्ती रक्कम आली आहे. ती कशी तपासावी? (सोसायटीच्या सचिव, पुणे)

उक्त्या रकमेला हरकत नाही, पण तिच्यामागे मापं हवीत, नाहीतर पुढची प्रत्येक गोष्ट 'ते यात नव्हतं' होते. परीघ २४० फूट आणि उंची ४५ असेल तर १०,८०० चौरस फूट. यात बाल्कनीच्या आतल्या बाजू, सज्ज्यांचे खालचे-वरचे भाग, गच्चीच्या कठड्याची आतली बाजू, जिना, पाण्याच्या टाकीची खोली आहे का? ड्रेनेजचे पाइप फुटावर मोजतात. भेगा भरणंही फुटावर. त्यांची लांबी आज कुणालाच नक्की माहीत नसते, म्हणून दर ठरवा आणि लांबी काम करताना दोघांनी मिळून मोजा.

बाहेरच्या इमल्शनचे दोन हात लिटरला ५० ते ६० चौरस फूट. ५० धरले तर २१६ लिटर, म्हणजे २० लिटरच्या ११ बादल्या. भिंत टेक्स्चरची असेल तर आणखी. करारात लिहा की सील सोसायटीच्या माणसासमोर फुटेल आणि रिकाम्या बादल्या शेवटचं बिल होईपर्यंत आवारातच राहतील. अकरा सांगून सात रिकाम्या निघाल्या तर बाकी काही बोलावं लागत नाही.

परांची की झुला (वरून दोरांनी लटकवलेला पाट) हेही लिहून घ्या, दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. झुल्यावरून रंग लागतो; पण गिलाव्याची मोठी दुरुस्ती असेल तर परांचीच हवी, कारण लटकून छिन्नी-हातोडा नीट चालत नाही. सेफ्टी बेल्ट आणि मजुरांचा विमा ही ठेकेदाराची जबाबदारी म्हणून नमूद करा आणि काम सुरू होण्याआधी विम्याची प्रत मागा. वेळ दिवाळीनंतरची ते मेपर्यंतची. मेच्या शेवटी सुरू केलेलं काम पहिल्या पावसात अडकतं आणि परांचीचं भाडं चालूच राहतं.

ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या कामात ठेकेदाराच्या बिलातून सोसायटीला टीडीएस कापावा लागतो: व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. तुमच्या ऑडिटरला आधीच विचारा, म्हणजे शेवटच्या हप्त्याला ठेकेदाराला 'एवढे कमी का?' हा धक्का बसत नाही.

अॅडव्हान्स किती द्यावा? आणि बिलावर जीएसटी लावतो म्हणाला, तो द्यायचा का? (वाचक, नागपूर)

मटेरियल त्याचं असेल तर २० ते २५ टक्के अॅडव्हान्स रास्त आहे. फक्त मजुरीचं काम असेल तर एवढ्याची गरज नाही. पुढचे हप्ते दिवसांवर न ठेवता, बघता येतील अशा टप्प्यांवर ठेवा: लांबी घासून झाली, पहिला हात झाला, काम पूर्ण झालं. १० टक्के टचअप संपेपर्यंत राखा. वाढीव कामाचा दर (जास्तीची भिंत, तिसरा हात, पीओपीचं छत) पहिल्याच कागदावर असू दे. काम चालू असताना ठरवलेला दर नेहमी ज्याची अडचण असेल त्याला महाग पडतो.

जीएसटीबद्दल: वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावताच येत नाही. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असलेल्यालाही गिऱ्हाईकाकडून तो वेगळा वसूल करता येत नाही. नियमित नोंदणी असेल तर मटेरियलसह रंगकामाला १८ टक्के लागतो आणि बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून मिनिटात पडताळता येतो. कोटेशनमध्ये 'जीएसटीसह' की 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्द नसले तर लाखाच्या कामावर १८ हजारांचा घोळ होतो.

कोटेशनची मुदत किती ठेवावी? (रंगारी, सांगली)

तीस दिवस. कंपन्या मध्येच किमती वाढवतात आणि दसरा आला की मजूरही त्याच हजेरीत मिळत नाही. तारीख घाला आणि खाली गिऱ्हाईकाची सही घ्या, प्रत्येक पानावर.